आयईएलटीएस लिसनिंग : सराव पेपरात ४० पैकी २२ च्या पुढे जात नाही, दोन महिन्यांत काय करू?

तुमच्या प्रश्नातली माहिती अशी : मुक्काम अमळनेर, दहावीपर्यंत मराठी माध्यम, आता बी.एस्सी. झालेलं, परदेशी शिक्षणासाठी लागणाऱ्या आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत विद्यापीठाला साडेसहा बँड (९ पैकी गुण) हवा आणि अडचण ऐकण्याच्या, म्हणजे लिसनिंगच्या पेपरात आहे. रोज यूट्यूबवरून एक पूर्ण पेपर सोडवता, तरी मार्क २१-२२ वरच अडकलेत आणि ‘त्यांचा स्पीड फार आहे’ असं वाटतं.

आधी हिशोब पाहू. ४० पैकी २३ बरोबर आले की ६ बँड, ३० आले की ७. साडेसहाला साधारण २६ लागतात. म्हणजे चार-पाच उत्तरांचंच अंतर आहे, दोन महिन्यांत ते नक्की भरून निघेल. पण रोज पेपर सोडवून नाही. कापूस दहा वेळा काट्यावर टाकला म्हणून त्याचा क्विंटल वाढत नाही. शेवटचे तीन आठवडे सोडले तर पूर्ण पेपर फक्त रविवारी सोडवा. बाकीचे दिवस कान तयार करण्यासाठी ठेवा.

आता स्पीडचं. आपल्याकडे कुणी अहिराणीत ‘काय करी ऱ्हायना’ म्हटलं की आपल्याला तीन शब्द ऐकू येतात. पुण्याहून नवीन आलेल्याला तो एकच लांबलचक आवाज वाटतो. बोलणारा भरभर बोललेला नसतो, शब्द एकमेकांना चिकटलेले असतात. इंग्रजीचंही तसंच. ‘शुड हॅव’चं ‘शुडव’ होतं, ‘अ लॉट ऑफ इट’चं ‘अलॉटविट’ होतं. आपण हे शब्द वहीत वाचून शिकलो, त्यामुळे डोळ्यांना ओळखीचे आणि कानाला परके राहिले. शब्दसंग्रह वाढवून हे सुटत नाही. तुम्हाला येणारेच शब्द कानाने ओळखायला हवेत.

त्यासाठी सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे श्रुतलेखन, तेच प्राथमिक शाळेतलं. ज्याचा लेखी मजकूर मिळतो असं एक मिनिटाचं रेकॉर्डिंग घ्या. बीबीसी लर्निंग इंग्लिशचे सहा मिनिटांचे कार्यक्रम यासाठी चांगले, मजकूर सोबतच मिळतो. एका मिनिटात साधारण १४०-१५० शब्द असतात. आधी न थांबता एकदा ऐका. मग एकेक वाक्य थांबवून शब्द न् शब्द लिहा. एक वाक्य जास्तीत जास्त चार वेळा ऐकायचं, तरी नाही कळलं तर तिथे रेघ मारून पुढे जायचं. मग मजकूर उघडून लाल पेनाने दुरुस्त करा. शेवटी तेच मिनिट लावून बोलणाऱ्याच्या मागोमाग, त्याच्याच चालीवर मोठ्याने म्हणा. तोंडाने शब्द जोडता आले की कानालाही ते सुटे करता येतात. सुरुवातीला एका मिनिटाला पाऊण तास लागेल, तिसऱ्या आठवड्यापर्यंत वीस-पंचवीस मिनिटांत होईल.

लाल पेनाच्या खुणा वाया घालवू नका. प्रत्येक चुकीपुढे कारण लिहा : शब्दच माहीत नव्हता, माहीत होता पण ओळखला नाही, ओळखला पण स्पेलिंग चुकलं, की शेवटचा ‘एस’ सुटला. आठवड्याने मोजा. मराठी माध्यमातल्या बहुतेकांच्या वहीत दुसरं आणि चौथं कारण भरून वाहतं. शेवटचा ‘एस’ फार मार्क खातो, कारण तो हळू उच्चारला जातो आणि पुढच्या शब्दात मिसळतो. तिथे कानापेक्षा व्याकरण मदत करतं. रिकाम्या जागेपुढे ‘आर’ हे क्रियापद असेल तर उत्तर अनेकवचनी, मागे ‘अ’ असेल तर एकवचनी.

पार्ट १ मध्ये नावं, फोन नंबर, तारखा येतात आणि इथले दहा मार्क सगळ्यात स्वस्तात मिळतात. ऑस्ट्रेलियन माणूस ‘ए’ अक्षर ‘आय’सारखं उच्चारतो, ते आपण सरळ ‘आय’ लिहून मोकळे होतो. नंबरमध्ये शून्याला ‘ओ’ म्हणतात आणि ७७ ला ‘डबल सेव्हन’. ‘थर्टीन’ आणि ‘थर्टी’मध्ये जोर कुठे पडतो ते ऐका. ‘थर्टी’त तो पुढे असतो, ‘थर्टीन’चा शेवट लांबतो. आकड्यांचा हात बसवायला भुसावळ किंवा अमळनेर स्टेशनवर थांबला असाल तेव्हा इंग्रजी घोषणेतला पाच आकडी गाडी नंबर आणि प्लॅटफॉर्म एकदाच ऐकून लिहून बघा. उच्चार भारतीय असतात, पण एका ऐकण्यात पाच आकडे कागदावर उतरवायची सवय लागते.

प्रश्नांबद्दल एक गोष्ट क्लासवाले क्वचितच नीट सांगतात. रिकाम्या जागेचं उत्तर रेकॉर्डिंगमध्ये जसंच्या तसं उच्चारलं जातं, बदललेले असतात ते आजूबाजूचे शब्द. प्रश्नात ‘कॉस्ट’ असेल तर बोलणारा ‘फी’ म्हणेल. पर्यायांच्या प्रश्नात उलटं होतं. तिथे तिन्ही पर्यायांतले शब्द कानावर पडतात, आणि जो पर्याय हुबेहूब ऐकू येतो तोच बऱ्याचदा सापळा असतो. शिवाय बोलणारा स्वतःला दुरुस्त करतो : ‘ट्यूसडेला भेटू... नाही, तेव्हा हॉल बंद असतो, थर्सडे ठेवू.’ घाईने ट्यूसडे लिहिलं की मार्क गेला. ‘बट’, ‘अॅक्च्युअली’, ‘इन्स्टेड’ कानावर पडलं की पेन उचलून थांबा.

शब्दमर्यादाही पाळा. दोनच शब्द सांगितले असताना ‘द ओल्ड लायब्ररी’ लिहिलं तर उत्तर चूक धरतात, ‘द’सुद्धा मोजला जातो. ‘अकोमोडेशन’मध्ये दोन ‘सी’ आणि दोन ‘एम’, ‘वेन्सडे’त न ऐकू येणारा ‘डी’, ‘गव्हर्नमेंट’मध्ये ‘एम’आधी ‘एन’. अशा साठ-सत्तर शब्दांची यादी स्वतःच्या चुकांवरून करा, तयार यादी पाठ करू नका.

नकाशाच्या प्रश्नासाठी प्रताप कॉलेजच्या गेटपासून स्टेशनपर्यंतचा रस्ता रोज इंग्रजीत मोठ्याने सांगा : डावीकडे वळा, समोर, च्या शेजारी, अगदी शेवटी. दिशादर्शक शब्द बोलून वापरले की ते ऐकताना अडत नाहीत.

पार्ट ४ मध्ये एकच व्याख्यान असतं आणि मध्ये थांबा मिळत नाही, म्हणून दहाही प्रश्न आधीच वाचून घ्यायचे. उत्तरं प्रश्नांच्या क्रमानेच येतात. एक सुटलं तर ते आठवत बसू नका, त्या नादात पुढची दोन जातात. चुकीला मार्क कापत नाहीत, तेव्हा शेवटी एकही जागा कोरी ठेवू नका.

कॉम्प्युटरवर परीक्षा देणार असाल तर आणखी एक तयारी. कागदावरच्या परीक्षेत उत्तरं उतरवायला शेवटी १० मिनिटं मिळतात, कॉम्प्युटरवर तपासायला फक्त २. म्हणजे ऐकता ऐकताच टाइप करायचं आणि तिथे मोबाईलसारखं स्पेलिंग आपोआप सुधारत नाही. घरी लॅपटॉप नसेल तर सायबर कॅफेत आठवड्यातून दोनदा तासभर बसा, पण ऐकता ऐकता टाइप करायचा सराव कराच. शेवटचे तीन आठवडे पूर्ण पेपर आठवड्याला तीन करा, हेडफोन लावून, मध्ये एकदाही न थांबवता.

परीक्षेसाठी बाहेरगावी जावं लागेल. आदल्या रात्रीच पोहोचा, रात्रभर एसटीत बसून सकाळी थेट सेंटरवर जाऊ नका, कारण बहुधा लिसनिंगनेच सुरुवात होते. आवाज तपासायला देतात तेव्हा तो नीट कमी-जास्त करून घ्या. खरखर येत असेल तर लगेच हात वर करून सांगा. रेकॉर्डिंग एकदाच वाजतं, पुन्हा मागे नेत नाहीत.