ससा कालपासून खात नाही, नुसता कोपऱ्यात बसून आहे. दवाखान्यात न्यावा की एक दिवस वाट पाहावी?

आजच न्या. उत्तर एवढंच आहे. पण तुम्ही पुढे लिहिलंय, ‘घरचे म्हणतात एक दिवस उपाशी राहिला की आपोआप बरा होईल’, आणि ते वाचून मला राहवेना. हेच वाक्य आमच्या घरात माझ्या मोठ्या भावाच्या तोंडचं आहे.

आम्ही साताऱ्याचे. आमचा ससा कापशा, पांढराशुभ्र, २ किलोचा. मे महिन्यात चुलतबहिणीच्या लग्नाला मी दोन दिवस गेले आणि कापशाला दादाच्या हवाली केलं. दादाने त्याला पालक घातला, गाजर घातलं, बिस्किटं घातली, गवताची काडी नाही. आणि पाण्याचं भांडं उचलून मोरीत ठेवलं. का, तर ‘सशाला पाणी लागत नाही, पाण्याने हगवण लागते.’ ज्यांनी जन्मात ससा पाळलेला नाही त्या सगळ्यांना हे शास्त्र तोंडपाठ कसं असतं, मला कळत नाही. एवढा ससा दिवसाला १०० ते ३०० मिली पाणी सहज पितो.

शनिवारी रात्री परत आले तर लेंड्या बारीक, मिरीएवढ्या, आणि केसात ओवलेल्या, माळेसारख्या. एरवी त्या हरभऱ्याएवढ्या, गोल, सुट्या असतात. केस गळायचे दिवस होते, अंग चाटताना ते पोटात जातातच. मी ती माळ झाडून केरात टाकली आणि झोपले. ही चूक माझी, दादाची नाही.

रविवारी सकाळी खाली अंथरलेला कागद कोरा. कापशा अंग गोळा करून, डोळे अर्धे मिटून बसलेला. मला वाटलं ध्यान लावलंय. फोटो काढून स्टेटसला टाकला, लोकांनी बदाम पाठवले. मग दूर्वांची जुडी पुढे केली (आमची फुलवाली संकष्टी सोडून इतर दिवशी उरलेल्या जुड्या स्वस्तात देते) तर त्याने तोंड फिरवलं. दूर्वांना तोंड फिरवणारा कापशा मी कधी पाहिला नव्हता. कान हाताला गार लागले. जवळ वाकले तर दातांची करकर ऐकू आली. लाडात आला की तो दात हळूच घासतो, तो आवाज निराळा. हा दुखण्याचा होता. ससा कण्हत नाही, विव्हळत नाही, दुखणं लपवतो. शांत बसलाय म्हणून आपण निवांत राहतो.

दादा म्हणाला, ‘अगं, मुक्या जनावराला कळतं. लंघन करतंय ते.’

सशाला लंघन चालत नाही, दादा. हे तेव्हा धड सांगता आलं नाही म्हणून इथे लिहितेय. त्याचं पोट सतत चालतं ठेवावं लागतं. चारा-पाणी थांबलं की आतडं मंदावतं, आतलं सुकतं, गॅस धरतो. दुखतं म्हणून तो खात नाही आणि खात नाही म्हणून आतडं आणखी मंदावतं. उपास लांबला तर यकृतावर चरबी चढते. उलटी करून मोकळं व्हावं, तर सशाला उलटी होतच नाही. म्हणून तर ऑपरेशनच्या आधीही जाणकार डॉक्टर सशाला उपाशी ठेवत नाहीत.

गावातले डॉक्टर गाई-म्हशी बघणारे. ‘सशाचं मला जमत नाही, पुण्याला न्या,’ असं त्यांनी तोंडावर सांगितलं, त्यांचे उपकार आहेत. अंदाजाने औषध देणारा भेटला असता तर? पुण्यात आधी एक्स-रे काढून कुठे काही अडकलेलं नाही याची खात्री केली, मग कातडीखाली सलाईन, दुखणं थांबवायचं इंजेक्शन, आणि घरी दर तीन-चार तासांनी सिरिंजने गवताच्या भुकटीची पेज. सोमवारी पहाटे तीनला एक लेंडी पडली. एकच. मी ती उजेडात धरून पाहिली आणि दादाला उठवून दाखवली. तो म्हणाला, ‘बघ, पोटाला आराम मिळाला ना?’

तर तुमचं. १०-१२ तास खाणं नाही, लेंडी नाही, की निघायचं. निघण्याआधी फोन करून ‘ससे बघता का’ एवढं विचारा. मिळतील त्या लेंड्या पिशवीत घालून न्या. कुत्र्या-मांजराचं उरलेलं औषध देऊ नका. अमॉक्सिसिलिन पोटातून दिलं तर ससा मरू शकतो, गोचिडांसाठीचं फिप्रोनिलही त्याला विषारी.

मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगायला हवं होतं. कापशाचं कारण पाणी आणि गवत होतं, तुमच्याकडे दाढा असतील. सशाचे दात जन्मभर वाढतात, मागच्या दाढांना टोकं आली की जीभ-गाल सोलतात आणि तो खाणं सोडतो. ते तोंड तपासल्याशिवाय दिसत नाही. आणि पोट ढोलासारखं टणक लागत असेल तर माझं वाचून पेज भरवायला जाऊ नका.

घरच्यांशी वाद नंतर घाला. आमच्याकडे पाण्याचं भांडं भरायचं काम आता दादाकडेच दिलंय. रोज न चुकता भरतो. अर्धंच भरतो.