इंजिन बदलण्याआधी ऑइलपॅन उघडा

जुन्या शेव्रोलेट ३१०० पिकअपचं इंजिन काढून व्ही-८ (दोन रांगांत आठ सिलिंडरचं इंजिन) बसवावं का, असं तुम्ही विचारलंत. तुमची गाडी १९५० ची, म्हणजे मूळचं इंजिन २१६ घनइंची, सहा सिलिंडरचं. ते एवढ्यात काढून टाकू नका. आधी ऑइलपॅन, म्हणजे इंजिनाच्या तळाचं तेलाचं भांडं, उघडा. पिस्टनला क्रँकशाफ्टशी जोडणाऱ्या दांड्यांच्या, म्हणजे कनेक्टिंग रॉडच्या, खाली छोट्या पळ्या दिसतील. त्या तेल झेलतात आणि त्यावरच रॉडची बेअरिंगं भिजतात. ही बेअरिंगं बॅबिट नावाचा मऊ मिश्रधातू ओतून केलेली असतात. तळाच्या तेलात चंदेरी कण चमकले तर बेअरिंगं झिजली आहेत आणि खर्च मोठा, कारण बॅबिट ओतणारे कारागीर आता सहज मिळत नाहीत.

तसं निघालं तर मी सरळ १९५४ किंवा नंतरचं शेव्रोलेटचंच २३५ घनइंची इंजिन घेईन. दिसायला जवळपास तेच, पण तेल दाबाने फिरतं आणि बेअरिंगं सुटी बदलता येतात. फक्त वॉटरपंपाचं माप आधी घ्या! मी घेतलं नव्हतं. पंखा थेट रेडिएटरला टेकला आणि गाडी दोन आठवडे बॉनेट उघडून पडून राहिली.

व्ही-८ चा मोह मला कळतो. पण तुमच्या गाडीचा प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे गिअरबॉक्सपासून मागच्या ॲक्सलपर्यंत जाणारा फिरता दांडा, बंद नळीत आहे, त्यामुळे गिअरबॉक्स आणि मागचा ॲक्सलही बदलावा लागतो, पाठोपाठ ब्रेक. शिवाय त्या जुन्या सहा सिलिंडरचा संथ, घुमणारा आवाज जातो. मला तरी ते सोसवत नाही.