आरएक्स-७ की आरएक्स-८: येनमधला छंद, रुपयांतलं घर

प्रश्न: मी टोकियोत निशी-कासाईला राहतो. घरात बायको आणि चार वर्षांची मुलगी. शिल्लक ७५ लाख येन. तीन वर्षांनी पुण्याला परतून फ्लॅट घ्यायचाय. १९९९ची माझदा आरएक्स-७ (‘एफडी’ नावाची पिढी) ६२ लाखांना मिळतेय, २००९ची आरएक्स-८ १३ लाखांना. एफडीच्या किमती चढताहेत, म्हणजे ती गुंतवणूकच ना?

उत्तर: नाही, आणि हे मी आधीच स्पष्ट सांगतो. किमती चढल्या हे खरं. २००२मध्ये उत्पादन थांबलं, आणि पंचवीस वर्षं झालेली गाडी अमेरिकेत आयात करता येते, म्हणून तिकडचे ग्राहकही जपानी एफडीच्या मागे लागलेत. पण तुमचा फ्लॅट त्यांच्या हौसेवर अवलंबून ठेवू नका. शिवाय तीन वर्षांहून जुनी वापरलेली गाडी भारतात आणता येत नाही. म्हणजे परतायच्या धावपळीत, मिळेल त्या भावाला ती विकायची आणि त्या दिवशीच्या दराने येनचे रुपये करायचे.

वार्षिक खर्चात दोघींत फार फरक नाही. इंजिन दोन्हीकडे १३०८ सीसीचं रोटरी, म्हणजे पिस्टनऐवजी फिरत्या त्रिकोणी रोटरवर चालणारं; पण रोटरीची सीसी जपानमध्ये वाहनकरासाठी दीडपट धरतात. तेरा वर्षं उलटल्याने दर वाढीव, वर्षाला ४५,४०० येन. दर दोन वर्षांनी शाकेन (गाडीची सक्तीची तपासणी) आणि महिन्याचं पार्किंग आहेच.

खरी भीती इंजिनाची. रोटरच्या टोकांवरची एपेक्स सील झिजली की कॉम्प्रेशन (इंजिनातला दाब) पडतं आणि इंजिन पूर्ण उघडावं लागतं. म्हणून रोटरीच्या खास टेस्टरवरचा रिपोर्ट मागा: दोन रोटर, प्रत्येकाच्या तीन बाजू, एकूण सहा आकडे. आरएक्स-८मध्ये २५० आरपीएमला एकही आकडा ६.९ kgf/cm²च्या खाली असेल, तर सरळ उठून या. इंजिन चांगलं तापवून बंद करा आणि दहा मिनिटांनी स्वतः स्टार्टर मारा. गरम असताना चटकन सुरू होत नसेल, तर विक्रेत्याचं काही ऐकू नका. एफडीत याशिवाय दोन टर्बो, व्हॅक्यूमच्या नळ्यांचं जंजाळ आणि पंचवीस वर्षं तापलेलं रबर.

आरएक्स-८ घ्या. २००८च्या बदलांत तिचा ऑइलपुरवठा सुधारला, आणि मागच्या छोट्या दारांमुळे मुलीची सीट नीट बसवता येते. रोटरी मुद्दामच ऑइल जाळते, तेव्हा दर दुसऱ्यांदा पेट्रोल भरताना डिपस्टिक बघा. १३ लाख गाडीला, १० लाख इंजिनासाठी वेगळ्या खात्यात. उरलेल्या ५२ लाखांतून सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला काढा, आणि बाकी रक्कम एकदम न पाठवता दरमहा थोडी थोडी एनआरई खात्यात (अनिवासी भारतीयांचं रुपयांतलं खातं) जाऊ द्या.

एफडीची ओढ मला कळते. एखाद्या शनिवारी भाड्याने घ्या आणि हाकोनेच्या घाटात मनसोक्त चालवा. आरएक्स-८चे सहा आकडे हाती आले, की बयाणा देण्याआधी मला पाठवा.