वेबक्वेस्ट वर्गात घेताना : शिक्षकांचे प्रश्न

प्रश्न : मी मुलांना विषय देऊन गूगलवर माहिती शोधायला लावते. वेबक्वेस्ट याहून वेगळं काय असतं?

वेबक्वेस्ट म्हणजे निवडक वेबपानं वाचून मुलांनी गटात एखादं काम पूर्ण करायची पद्धत. बर्नी डॉज या प्राध्यापकांनी टॉम मार्च यांच्या साथीनं १९९५ मध्ये सॅन डिएगो स्टेट युनिव्हर्सिटीत ही पद्धत मांडली. गूगल तेव्हा जन्मायचं होतं! तरी अडचण आजचीच होती : मुलांची तासिका शोधण्यातच संपते, विचार करायला वेळ उरत नाही. म्हणून इथे वाचायची पानं शिक्षक आधीच निवडून ठेवतात. प्रस्तावना, कामगिरी, कृतिक्रम, लिंक, मूल्यमापनाचे निकष आणि समारोप असा साधा आराखडा असतो. यातली ‘कामगिरी’, म्हणजे मुलांनी नेमकं काय करायचं ते, जमली तर बाकीचं सांभाळून घेता येतं. ती फसली तर कितीही देखणं पान बनवा, हाती वर्कशीटच येते.

प्रश्न : माझ्या वेबक्वेस्टमध्ये ‘प्लूटोची माहिती मिळवा व सादरीकरण करा’ अशी कामगिरी होती. सगळ्या गटांनी एकच मजकूर चिकटवून आणला. काय करू?

मुलांना रागावू नका. त्यांनी मागितलं तेच आणून दिलं. ज्याचं उत्तर एका पानावर आयतं मिळतं, ते उचललं जाणारच.

विषय प्लूटोच ठेवा, काम बदला. मुलांना पाठ्यपुस्तक मंडळ करा : ‘नव्या आवृत्तीत प्लूटोबद्दल काय छापायचं? मजकूर साठ शब्दांच्या आत हवा आणि त्यावर गटातल्या सगळ्यांच्या सह्या हव्यात.’ आता एकाला आंतरराष्ट्रीय खगोल संघाचा २००६ चा ठराव वाचायला द्या. ग्रहानं सूर्याभोवती फिरावं, तो जवळपास गोल असावा आणि त्यानं आपल्या कक्षेचा परिसर मोकळा केलेला असावा, अशा तीन अटी त्यात आहेत. प्लूटो तिसरीवर अडकतो, म्हणून त्याला ग्रहाऐवजी ‘बटुग्रह’ म्हटलं गेलं. दुसऱ्याला ॲलन स्टर्न यांचे आक्षेप द्या. प्लूटोकडे गेलेल्या न्यू होरायझन्स मोहिमेचे ते प्रमुख, त्यांना ही तिसरी अटच मान्य नाही. तिसऱ्याकडे एरिस. २००५ मध्ये जाहीर झालेला हा गोल आकारानं प्लूटोच्या जवळपास, मग प्लूटो ग्रह तर एरिस का नाही?

तिघं एकत्र बसले की साठ शब्दांवरून खरी वादावादी होते. ‘ग्रह नाही’ लिहायचं की ‘बटुग्रह आहे’? स्टर्न यांचं मत घ्यायचं की शब्द वाचवायचे? या वादाचं उत्तर कुठल्याच पानावर नाही, त्यामुळे चिकटवायला काही मिळत नाही. वर्गात थोडा गोंगाट होईल, तो होऊ द्या.

प्रश्न : वर्गात एकच संगणक आहे. जमेल का?

जमेल. पानं छापून गटांत वाटा, संगणकावर पाळीनं फक्त चित्रं आणि व्हिडिओ दाखवा. त्यानं वेबक्वेस्टचं काही बिघडत नाही.

प्रश्न : गेल्या वर्षीच्या निम्म्या लिंक यंदा उघडत नाहीत.

हे चालायचंच. लिंक सहा-सातच ठेवा आणि तासाच्या आदल्या दिवशी प्रत्येक उघडून बघा, शक्यतो मुलं वापरतात त्याच यंत्रावर. घरी उघडणारं पान शाळेच्या नेटवर्कवर अडवलेलं असू शकतं. गायब झालेलं पान बऱ्याचदा इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर, म्हणजे जुनी वेबपानं साठवून ठेवणाऱ्या संकेतस्थळावर, सापडतं.

प्रश्न : गटातली एक मुलगी सगळं काम करते आणि गुण चौघांना मिळतात.

चौघांना एकच मजकूर वाचायला दिला की असंच होतं. प्रत्येकाकडे दुसऱ्याजवळ नसलेली माहिती हवी. वरच्या उदाहरणात एरिसवाला गप्प बसला तर गटाचं काम अडतं. गुणांचेही दोन भाग करा : गटाच्या मजकुराला काही, आणि ‘माझ्या पानांतून गटाला काय मिळालं’ या प्रत्येकाच्या चार ओळींना काही. निकष मात्र आधी वाचून दाखवा. काम झाल्यावर निकष सांगणं मला अन्यायाचं वाटतं.

प्रश्न : आता एआय चॅटबॉट साठ शब्दही लिहून देतो. मग या खटाटोपाला अर्थ काय?

देतो, आणि बऱ्यापैकी देतो. म्हणून ते उत्तर तुम्हीच फळ्यावर लावा. यातलं कुठलं वाक्य आपल्या पानांशी जुळतं, कुठलं जुळत नाही आणि कोणाची बाजू सुटली आहे, हे गटांना खुणा करून दाखवू द्या. शेवटी प्रत्येक गटाला तोंडी एकच प्रश्न विचारा : ‘चर्चेत तुम्ही कोणतं वाक्य खोडलं आणि का?’ ज्यांनी वाद घातला असेल, त्यांना उत्तर पाठ करावं लागत नाही.