व्हिस्कीच्या निरनिराळ्या शैलींमधला फरक चाखून कसा ओळखावा?

आपला प्रश्न असा आहे, की स्कॉच, बर्बन, आयरिश असे प्रकार आपण चाखून पाहिले, पण प्रत्येक वेळी नाकात अल्कोहोलचा झणका आणि घशात जळजळ यापलीकडे काही हाती लागले नाही. मग लोक सफरचंद, व्हॅनिला, धूर असे जे लिहितात ते खरे असते का, आणि पाणी घातल्याने व्हिस्की बिघडते का. ते बहुतांशी खरे असते, पाण्याने व्हिस्की बिघडत नाही, आणि आपल्याला फरक जाणवत नाही तो नाकात काही उणीव आहे म्हणून नव्हे, तर माझ्या मते एका वेळी एकच पेला समोर ठेवल्यामुळे. एकट्या पेल्याचा वास घेतला तर ‘व्हिस्की’ एवढेच कळते. दोन पेले शेजारी ठेवले आणि त्यांच्यात शक्यतो एकाच गोष्टीचा फरक असला, की तो फरक आपणहून पुढे येतो. त्याला नाव नंतर सापडले तरी चालते.

आधी झणक्याचा बंदोबस्त करू. पेला तळाशी फुगीर आणि तोंडाशी निमुळता असावा, कारण पसरट पेल्यातून वास उडून जातो. पंधरा-वीस मिलीलिटर पुरेसे होतात. ओतल्यावर काही मिनिटे पेला तसाच राहू द्यावा आणि वाइनसारखा जोरात घुसळू नये, कारण त्याने अल्कोहोलच आधी वर येते. नाक पेल्यात खुपसण्याऐवजी पेला हनुवटीच्या पातळीवर धरावा, तोंड किंचित उघडे ठेवावे आणि हलकेच श्वास घेत पेला हळूहळू वर आणावा. पहिल्या घोटावरून कोणतेही मत बनवू नये. तो फक्त जिभेला सवय लावण्यासाठी असतो. दुसरा लहान घोट तोंडभर फिरवावा, गिळावा, आणि मग ओठ मिटून नाकाने श्वास सोडावा. आपण जिला चव म्हणतो तिचा फार मोठा भाग या उलट्या वाटेने नाकाकडे गेलेला वासच असतो, आणि अनेकांना पहिले फळ किंवा पहिला मसाला याच क्षणी सापडतो.

पाण्याविषयी संकोच बाळगण्याचे कारण नाही. स्कॉच कायद्याने किमान 40 टक्के अल्कोहोलची असावी लागते, आणि पिंपातून काढून पाणी न मिसळता भरलेल्या बाटल्या 55 ते 60 टक्क्यांच्या आसपास असतात. एवढ्या तीव्रतेला नाक बधिर होते. स्वीडनमधील लिनेयस विद्यापीठाच्या दोन संशोधकांनी 2017 साली संगणकावर रेणूंचे वर्तन तपासले, तेव्हा धुराच्या वासाला कारणीभूत असणारा ग्वायाकॉल हा रेणू जास्त अल्कोहोलमध्ये द्रवाच्या आत दडून राहतो आणि पाणी घातल्यावर पृष्ठभागाकडे सरकतो, असे दिसले. निरनिराळ्या व्हिस्क्या मिसळून ब्लेंड तयार करणे हाच ज्यांचा व्यवसाय, ते लोक तर नमुने पुष्कळदा 20 टक्क्यांपर्यंत पातळ करून नुसता वास घेतात. म्हणून आधी पाण्याशिवाय एक घोट, मग चमच्याने थेंब-थेंब साधे, क्लोरीनचा वास नसलेले पाणी, आणि प्रत्येक वेळी पुन्हा वास, असे करावे. बर्फ प्यायला छान लागतो, पण गारव्याने वास दबतात, त्यामुळे फरक शोधण्याच्या बैठकीत तो दूरच बरा.

आता जोड्या. पहिली जोडी बर्बन ही अमेरिकी व्हिस्की आणि बर्बनच्याच जुन्या पिंपात मुरलेली स्कॉच, उदाहरणार्थ ग्लेनमोरांजी ओरिजिनल. बर्बनमध्ये किमान 51 टक्के मका असावा लागतो आणि ती आतून जाळलेल्या कोऱ्या ओक-पिंपातच मुरवावी लागते. एकदा वापरलेले पिंप बर्बनसाठी पुन्हा चालत नाही, म्हणून ते स्कॉटलंडला विकले जाते. म्हणजे या दोन पेल्यांत आपण एकाच प्रकारच्या लाकडाचा पहिला आणि दुसरा हात चाखत असतो. कोऱ्या लाकडातून व्हॅनिला, कॅरमेल, खोबरे आणि लाकडाचा किंचित तुरटपणा भरपूर उतरतो. वापरलेल्या पिंपातून तेच वास, पण आवाज खाली केल्यासारखे येतात, आणि त्यामागे धान्य व फळे ऐकू येऊ लागतात. व्हॅनिला ही कोणाची कविकल्पना नव्हे. लाकडातील लिग्निन उष्णतेने तुटून व्हॅनिलिन तयार होते, तोच व्हॅनिलाच्या शेंगेतला मुख्य सुगंध आहे. खोबऱ्याचा वास ओकमधील लॅक्टोनांचा, तर केळे किंवा सफरचंद यांचा वास बहुतांशी किण्वनात यीस्टने बनवलेल्या एस्टरांचा असतो. अमेरिकी राय व्हिस्कीत मक्याऐवजी किमान 51 टक्के राय हे धान्य असते. बर्बनशेजारी तिचा पेला ठेवला तर गोडवा ओसरून मिरीसारखा कोरडा तिखटपणा वर आलेला कळतो.

दुसऱ्या जोडीत ग्लेनमोरांजी तशीच ठेवून शेजारी शेरी या स्पॅनिश वाइनच्या पिंपात मुरलेली ग्लेनड्रोनाक 12 घ्यावी. मनुका, सुके अंजीर, अक्रोड, लवंग असे काहीतरी जाड आणि गडद जाणवेल. ही पिंपे आज बहुतेक वेळा व्हिस्की उद्योगासाठीच मुद्दाम शेरी भरून तयार केली जातात. शेरी पिंपांतून परदेशी जायची आणि रिकामी झालेली तीच पिंपे व्हिस्कीला मिळायची, ती जुनी रीत आता उरलेली नाही. येथे एक सावधगिरी बाळगावी: रंगावर विसंबू नये. स्कॉचमध्ये कॅरमेलचा रंग मिसळायला कायद्याची परवानगी आहे, त्यामुळे गडद तांबूस रंग म्हणजे जुनी किंवा शेरीची व्हिस्की असे होत नाही. मला विचाराल तर बाटलीवर ‘नैसर्गिक रंग’ असे छापलेले असल्याशिवाय पेला उजेडात धरून कौतुक करण्यात अर्थ नाही.

धुरासाठी माझी आवडती जोडी स्कॉटलंडच्या आयला बेटावरच्या ब्रुकलाडी या एकाच डिस्टिलरीतली आहे: क्लासिक लॅडी आणि पोर्ट शार्लट 10. दोन्ही 50 टक्के तीव्रतेच्या, पण पहिल्यात पीट मुळीच नाही आणि दुसरीचे माल्ट, म्हणजे मोड आणलेला जव, पीटच्या धुराने वाळवलेले असते. पीट म्हणजे दलदलीत शतकानुशतके साचून अर्धवट कुजलेली वनस्पती. ती जाळून मोड आलेल्या जवावर धूर सोडला, की त्यातील फिनॉल ही धुरकट वासाची संयुगे दाण्याला चिकटतात. पोर्ट शार्लटच्या माल्टमध्ये त्यांचे प्रमाण दर दशलक्ष भागांत सुमारे 40 असते. हा आकडा माल्टमध्ये मोजलेला असतो, पेल्यातल्या व्हिस्कीत नव्हे, आणि ऊर्ध्वपातनात त्यातला बराचसा भाग मागे राहतो. म्हणून आकडा दुप्पट म्हणजे धूर दुप्पट, असा हिशेब चालत नाही. धुराची ओळख पटली की मगच आयलाच्याच लाफ्रॉएग या व्हिस्कीकडे जावे. तेथे धुराबरोबर आयोडीन, मलमपट्टी आणि समुद्री शेवाळ यांचा जो वास येतो, तो पहिल्या भेटीत अनेकांना दवाखान्यात गेल्यासारखा वाटतो आणि काहींना कायमचा तसाच वाटत राहतो. न आवडल्यास जबरदस्तीने आवडून घेऊ नये.

आयरिश व्हिस्कीला ‘हलकी’ म्हणून मोकळे होण्याची पद्धत आहे, आणि ती अन्यायाची आहे. बुशमिल्स 10 आणि रेडब्रेस्ट 12 शेजारी ठेवून पाहावे. दोन्ही तीनदा ऊर्ध्वपातन केलेल्या, दोन्ही 40 टक्क्यांच्या बाटलीत मिळतात. पहिली निव्वळ माल्टची, तर दुसरी ‘सिंगल पॉट स्टिल’, म्हणजे मोड आणलेल्या जवाबरोबर मोड न आणलेला जवही वापरून बनवलेली. अठराव्या शतकात माल्टवर कर बसल्यानंतर कच्चा जव वापरण्याची ही रीत तिथे बळावली, आणि कर चुकवण्याच्या त्या युक्तीतून जिभेवर तेलकट, दाट आणि मसालेदार लागणारी एक स्वतंत्र शैली उभी राहिली. येथे वासापेक्षा घोटाच्या जाडीकडे लक्ष द्यावे; फरक तिथेच आहे.

बाटलीवरील प्रदेशाच्या नावावरून चव ठरवण्याचा मोह मात्र टाळावा. स्कॉटलंडमधल्या कॅम्पबेलटाउनची स्प्रिंगबँक ही एकच डिस्टिलरी बिनधुराची हेझलबर्न, मध्यम धुराची स्प्रिंगबँक आणि जोरदार धुराची लाँगरो अशा तीन व्हिस्क्या बनवते. जपानची तर अशी एक शैली सांगताच येत नाही. मासाताका ताकेत्सुरू यांनी 1918 नंतर स्कॉटलंडमध्ये शिकून आणलेल्या पद्धतीवर तेथील उद्योग उभा राहिला, पण डिस्टिलऱ्या परंपरेने एकमेकींशी माल अदलाबदल करत नसल्याने प्रत्येकीने आपल्या ब्लेंडसाठी स्वतःच अनेक प्रकार बनवले. वयाचेही तसेच आहे. बाटलीवरचा आकडा आतल्या सर्वांत तरुण व्हिस्कीचा असतो, आणि तो फक्त पिंपात काढलेला काळ सांगतो. स्कॉटलंडच्या थंडीत वर्षाला साधारण दोन टक्के द्रव उडतो; उष्ण हवेत हे प्रमाण कित्येक पट असते आणि लाकडाचा परिणामही लवकर होतो, म्हणून तैवानच्या कावालानसारखी व्हिस्की कमी वयातही पुरेशी मुरलेली लागते.

बैठकीचा क्रम हलक्याकडून जडाकडे असावा आणि धुराची व्हिस्की नेहमी शेवटी, कारण तिच्यानंतर नाजूक काही कळत नाही. चारपेक्षा जास्त नमुने घेऊ नयेत. त्यापुढे नाक थकते आणि डोके हलके होते, आणि ही दोन्ही लक्षणे आपल्याला उत्साह म्हणून जाणवतात. घोट थुंकून टाकण्यात कमीपणा नाही, व्यावसायिक लोक तेच करतात. दुसऱ्यांची वर्णने वाचण्याआधी स्वतःचे शब्द लिहून ठेवावेत, मग ते ‘जुन्या कपाटाचा वास’ असे असले तरी चालतील. रिकामा पेला लगेच विसळू नये, अर्ध्या तासाने पुन्हा हुंगावा. अल्कोहोल उडून गेलेले असते आणि तळाशी सुकलेल्या थरात लाकूड, मध, राख यांचे वास इतके सुटे मिळतात, की भरल्या पेल्यात आपण काय शोधत होतो ते तेव्हा समजते.

आणि लोक लिहितात ते खरे की थाप, ही शंका तरीही उरली असेल, तर ती दुसऱ्याच्या शब्दावर सोडू नये. कोणाला तरी तीन पेले भरायला सांगावेत, दोनांत एक व्हिस्की आणि तिसऱ्यात दुसरी. कोणत्या पेल्यात काय आहे हे आपल्याला माहीत नसावे. वेगळा पेला कोणता ते नुसत्या वासावरून सांगावे. अंदाजाने उत्तर बरोबर येण्याची शक्यता तिनात एक असते, म्हणून पेल्यांच्या जागा बदलून हा प्रयोग वेगवेगळ्या दिवशी पुन्हा करावा. सुरुवात क्लासिक लॅडी आणि पोर्ट शार्लट यांच्यापासून करावी, कारण तिथे बहुधा कोणीच चुकत नाही. त्यानंतर बुशमिल्स आणि रेडब्रेस्ट घ्याव्यात; तिथे मुख्य फरक घोटाच्या जाडीत असल्याने वासाबरोबर घोटही घ्यावा.