डाय बदलायला अडीच तास, मग छोटे लॉट परवडणार कसे?

प्रश्न : भोसरीत आमचं प्रेस शॉप आहे. पूर्वी एकाच पार्टची मोठी ऑर्डर असायची, आता थोडे थोडे वेगवेगळे पार्ट मागतात. प्रेसमधली डाय, म्हणजे पार्टला आकार देणारा साचा, बदलायला अडीच तास जातात. कामगारांसाठी सूचनापेटी लावली, ती रिकामीच आहे. नवं मशीन घ्यावं का?

उत्तर : आत्ता घेऊ नका. १९६९ मध्ये टोयोटाच्या १००० टनी प्रेसवर याच कामाला चार तास लागत. जपानी अभियंते शिगेओ शिंगो यांनी ते आधी दीड तासावर आणि पुढे तीन मिनिटांवर आणलं, त्याच प्रेसवर.

एका डायबदलाचं पूर्ण चित्रीकरण करा, पण सेटरला, म्हणजे डाय बसवणाऱ्या कामगाराला, आधी विश्वासात घेऊन. नाहीतर त्याला ती पाळत वाटेल. मग सेटरसोबत बसून दोन याद्या करा : मशीन बंद असतानाच होणारी कामं आणि चालू असताना उरकता येणारी. पान्हे, टी-बोल्ट शोधणं, क्रेनची वाट पाहणं, पुढची डाय साफ करणं ही सगळी दुसऱ्या यादीत जातात. पुढची डाय आणि बोल्ट आधीच ट्रॉलीवर मशीनशेजारी हवेत. त्यानंतर डायखाली पॅरलल प्लेट बसवून एका प्रेसवरच्या सगळ्या डायची उंची सारखी करा, म्हणजे दरवेळी रॅम (प्रेसचा वरून दाब देणारा भाग) खालीवर करत बसावं लागत नाही. क्लॅम्पिंगची, म्हणजे डाय जिथे आवळून धरतात त्या भागाची, जाडी एक ठेवली की एकच बोल्ट सगळीकडे चालतो. डायची जागा पक्की करणाऱ्या लोकेटिंग पिन लावल्या की डाय ठोकून सरकवायची गरज नाही. पहिला पीस तपासणाऱ्याला दहा मिनिटं आधी बोलवा. बराच वेळ तिथेच अडकतो.

खरी अडचण तुमच्या टेबलावर आहे. सुपरवायझरला रोजच्या नगांवर जोखत असाल, तर तो डाय बदलणं टाळणारच. आधी ते माप बदला : ठरलेले पार्ट ठरलेल्या दिवशी गेले का, एवढंच विचारा. दोन शिफ्टच्या ९६० मिनिटांत अडीच तासांचे तीन बदल ४५० मिनिटं खातात. एक बदल ४० मिनिटांवर आला, तर आठ बदलांना ३२० पुरतात. वाचलेला वेळ छोट्या लॉटसाठीच वापरा. त्यातून कुणाला कमी करणार नाही, हे तोंडी नको, लेखी द्या.

पेटी काढून टाका. प्रत्येक बदलानंतर प्रेसजवळ पाच मिनिटं उभं राहून सेटरला विचारा, आज कुठे अडलं? किरकोळ खर्चाची मंजुरी सुपरवायझरकडेच ठेवा, म्हणजे पुढच्या बदलाआधी ती अडचण दूर झालेली असेल.