बोलावू नकोस, जा

प्रिय पोरी,

तुझा निरोप परवा रात्री वाचला आणि झोप उडाली. तू ठेवलेल्या सर्वधर्म संवादाच्या कार्यक्रमाला मौलाना आले, कीर्तनकार महाराज आले, भन्तेजी आले, नवापूरकडून फादर एवढा प्रवास करून आले. सगळे मनापासून बोलले. आणि पुढच्याच आठवड्यात वनहक्काच्या बैठकीला आपल्या मुसलमान आदिवासी तडवी बायांपैकी एकही फिरकली नाही. 'आप्पा, माझं चुकलं कुठे?' असं विचारतेस. तू बोलावलंस, तिथे चुकलं. जायला हवं होतंस.

हॉल ज्या दिवशी मोकळा मिळाला तो दिवस धरला, असं तू लिहितेस. तो शुक्रवार होता, वेळ दुपारची. मौलाना दोन शब्द बोलून नमाजासाठी उठले आणि माईकवरून 'ते जरा घाईत आहेत' असं सांगितलं गेलं. त्याआधी नारळ फुटला होता, पाहुण्यांना ओवाळलं होतं. यात आपल्याला धर्म दिसत नाही, कारण तो आपल्या अंगवळणी पडलाय. मागच्या रांगेत बसलेल्या बाईला मात्र पहिल्या पाच मिनिटांत कळतं की घर कुणाचं आणि पाहुणा कोण. पाहुणा कधी भांडतो का? तो चहा घेतो, सगळं छान झालं म्हणतो आणि जातो. बोलावणाऱ्याची जागा, बोलावणाऱ्याची वेळ, विषयही त्याचाच. म्हणून सांगतो, बोलावू नकोस. जा.

संघटनेतले जुने लोक तुला म्हणतात, धर्म घरी ठेवा, आपला प्रश्न जमिनीचा आहे. त्यांच्यावर चिडू नकोस. ते वाक्य त्यांना मी शिकवलंय. वीस वर्षं मी तेच बोलत आलो. ते बोलून मी काय गमावलं, ते आजवर कुणाला लिहिलेलं नाही.

यावल तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याला आमचे एक तडवी चाचा होते. दर बैठकीला यायचे, मोर्चात पुढे असायचे, वनखात्याच्या माणसांसमोर कधी आवाज खाली केला नाही. जेवणाची वेळ झाली की बाजूला निंबाखाली बसायचे, पंचाची गाठ सोडायचे आणि कळण्याची भाकरी ठेच्याशी खायचे. 'चाचा, या ना पंगतीला' म्हटलं की 'पोट बरं नाही' म्हणायचे. मी ते खरं धरलं. अठरा वर्षं एका माणसाचं पोट बरं नसतं का गं? पण मी विचारलं नाही.

चाचा वारले तेव्हा मी त्यांच्या घरी पहिल्यांदा गेलो. पहिल्यांदा! त्यांच्या सुनेनं पाणी दिलं, बराच वेळ गप्प बसली आणि मग सांगितलं. सुरुवातीच्या दिवसांत एका गावात कार्यकर्त्याच्या घरी जेवण होतं. सगळ्यांसमोर स्टीलची ताटं आली, चाचांसमोर केळीचं पान. त्या दिवसापासून ते भाकरी बांधून न्यायला लागले. 'तुम्हालाच अवघड वाटायला नको म्हणून,' ती म्हणाली. त्या पंगतीत मी चाचांच्या शेजारीच बसलो होतो. ते पान मला आठवतं, हिरवंगार, नुकतंच धुतलेलं, कडेवर पाण्याचे थेंब. ताटं कमी पडली असतील, एवढंच माझ्या मनात आलं होतं.

तेव्हा आमच्या हातात किती काम होतं, हेही तुला कळायला हवं. 2006 साली जंगलजमीन कसणाऱ्यांना तिचा हक्क देणारा वनहक्क कायदा झाला, 2008 च्या जानेवारीत नियम आले. 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासूनचा कब्जा दाखवायचा होता. एकेका दाव्याला किमान दोन पुरावे लागत. वनखात्याच्या दंडाच्या जुन्या पावत्या पत्र्याच्या पेट्यांतून शोधायच्या, म्हाताऱ्यांचे जबाब घ्यायचे, ग्रामसभेचे ठराव करायचे. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत कंदिलाशी बसलोय आम्ही. ते केलं नसतं तर आज ज्यांच्या हातात जमिनीचे पट्टे आहेत त्यांच्या हातात काय असतं? हे मी कुणालाही ठणकावून सांगेन. पण चाचांच्या दाव्याचा कागद न् कागद मला पाठ होता आणि त्यांच्या घराचा उंबरा मी ओलांडलेला नव्हता. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि पहिली दुसरीला झाकत नाही.

आता तुझ्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. आपलीच काही पावरा आदिवासी पोरं डीलिस्टिंगच्या, म्हणजे धर्म बदललेल्यांना जमातीच्या यादीतून काढा म्हणणाऱ्या, मोर्चाला गेली आणि संवादाच्या कार्यक्रमात तो विषय 'वातावरण बिघडेल' म्हणून तू बाजूला ठेवलास. पोरी, वातावरण आधीच बिघडलंय, म्हणून तर तू कार्यक्रम ठेवलास! ती मागणी ऐकल्यापासून तडवी घरांत काय चाललंय, ते तू कुणाच्या ओट्यावर बसून ऐकलंस का? तडवी भिल्ल मुसलमान आहेत आणि आदिवासीही आहेत. नवापूरकडे ख्रिस्ती झालेली आदिवासी घरं आहेत. उद्या जमातीचा दाखला गेला तर पोराची शाळेची सवलत जाईल, मग पट्ट्याचं काय होईल, ही भीती चार भाषणांनी जात नाही. अनुसूचित जातींच्या यादीत येण्यासाठी राष्ट्रपतींच्या 1950 च्या आदेशानं धर्माची अट लागली. आधी जवळपास फक्त हिंदू, 1956 साली सगळे शीख आले, बौद्धांना 1990 पर्यंत थांबावं लागलं. अनुसूचित जमातींना, म्हणजे आदिवासींना, तशी अट नाही. एवढा साधा फरक आपल्या कार्यकर्त्यांपैकी किती जणांना नीट सांगता येतो? तो आधी स्वतः समजून घे. मग मोर्चाला गेलेल्या त्या पावरा पोरांच्या घरी जा. हो, त्यांच्याही घरी. त्यांना संघटनेच्या ऑफिसात बोलावून जाब विचारू नकोस. त्यांच्या मनात राग आहे की नोकऱ्या आणि जागा दुसरेच घेऊन जातात. तो राग कुठून आला, कुणी भरवला, त्यात खरं किती, हे त्यांच्या खाटेवर बसलीस तरच ती बोलतील. होळीआधी भरणाऱ्या भोंगऱ्याच्या बाजाराला जा, त्यांच्यासोबत फिर. होळीपर्यंत वेळ आहे.

साने गुरुजी अंमळनेरला प्रताप हायस्कूलात शिकवायचे, म्हणून खान्देशात त्यांचं नाव घेतल्याशिवाय आपल्याला चैन पडत नाही. 1947 च्या मे महिन्यात हरिजनांसाठी विठ्ठलाचं दार उघडावं म्हणून पंढरपुरात त्यांनी दहा दिवस उपोषण केलं, हे सगळ्यांना ठाऊक. त्याआधी ते महाराष्ट्रभर गावोगाव लोकांना भेटत फिरले होते. आपण उपोषणाचा दिवस साजरा करतो आणि त्या फिरण्याबद्दल कुणी बोलत नाही. मीही बोललो नाही.

तू म्हणशील, आप्पा, एकेका घरी जायचं तर वर्ष जाईल. जाऊ दे वर्ष. माझी अठरा गेली. आणि जाताना चौघांना घेऊन, वही-पेन काढून, फोटो काढत जाऊ नकोस. एकटी जा, फार तर एखादी मैत्रीण बरोबर घे. समोर येईल ते खा. खात नसशील तर तसं मोकळेपणानं सांग, पोट दुखतंय म्हणू नकोस. आणि पहिल्या भेटीत बैठकीचं नावसुद्धा काढू नकोस. हे तुला जमणार नाही, मला माहीत आहे, तुझी जीभ शिवशिवेल. तरी काढू नकोस.

चाचांच्या सुनेला मी तुझ्याबद्दल सांगितलंय. फोन नंबर देत नाही, नाहीतर तू फोन करून तिलाच बोलावशील. गावात शिरल्यावर मारुतीच्या पारावरून डावीकडे वळ, पिठाच्या गिरणीच्या पुढे दोन निंब दिसतील, त्यामागचं कौलारू घर. बुधवारी जाऊ नकोस, त्या दिवशी बाजार असतो. बाकी दिवस ती केळीच्या मजुरीहून चारच्या सुमाराला परत येते. तिला हातपाय धुवायला वेळ दे, मग कडी वाजव.

तुझा,
आप्पा